विहिरीवरचा बल्ब

तेजश्री आणि नवनाथची पहिली भेट झाली ती तळेगाव ढमढेऱ्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात, एकाच विहिरीसाठी दोन बल्ब घेताना.

तेजश्रीच्या वडिलांनी नवनाथच्या शेजारचं रान नुकतंच घेतलं होतं. रानाबरोबर निम्मी विहीर आली, आणि विहिरीवरचा निम्मा बल्बही. तो उडाला, तेव्हा दोन्ही घरांनी आपापलं माणूस धाडलं.

"होल्डर एकच हाय," नवनाथ म्हणाला.

"मग तुमचा बल्ब तुम्ही खिशात घाला," ती म्हणाली आणि हसली.

त्यानं खरंच मागच्या खिशात घातला. आयटीआयला वायरमन झालेला गडी, पण ती हसल्यावर गाडीवर बसताना बल्बावरच बसला.

पुढं बल्ब लावायचा कुणी आणि विझवायचा कुणी, यावरनं दोन घरांत कुरबूर सुरू झाली. नवनाथनं टू-वे वायरिंग केलं. एक बटण स्वतःच्या ओट्यावर, एक तिच्या.

"करंट जिथनं निघाला, तिथं परत आला पाहिजे," तो तिला सांगत होता. "वाटंत कुठं तुटलं, की अंधार."

"आन् मी माझ्याकडनं लावला तर?"

"माझ्याकडनं विझतो."

"दोघांनी एकदम दाबलं तर?"

"तर... काहीच होत न्हाई."

"काहीच?" तिनं मान तिरकी करून बघितलं. त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो सापडायला फार वेळ लागला, कारण दोघंही शोधत नव्हते.

मग तो बल्ब भर दुपारी डोळे मिचकावू लागला. तेजश्रीच्या आईला विजेतलं काही कळत नव्हतं, पण पोरीतलं कळत होतं. तिनं फोन काढून घेतला. दौंडचं स्थळ आलं.

"मी घरी येऊन मागणी घालतो," नवनाथ बांधावर म्हणाला. "पण तुझं... तुझं काय?"

"दिवस मावळताना बघ. बल्ब लागला, तर व्हय. मग उद्या दौंडकर यायच्या आत ये."

नवनाथ दुपारपासनंच विहिरीवर जाऊन बसला. ऊन उतरलं आणि बल्ब लागला. तो उठला. बल्ब विझला. तो बसला. परत लागला, परत विझला... शेवटी विझलेलाच राहिला. तिचं मन होत नाही, असा अर्थ त्यानं काढला. आयटीआयला वायरमनच्या ट्रेडमध्ये पहिला आला होता.

दौंडकर आले, पोहे खाल्ले, सुपारी फुटली.

मांडवाच्या आदल्या दिवशी तेजश्री थेट त्याच्या ओट्यापाशी आली. "विझवायचाच होता, तर बटण बसवलं कशाला?"

"मी? मी तर विहिरीवर होतो!"

दोघांनी एकदम ओट्याकडं बघितलं. बटणाखाली खाटेवर नवनाथचे आबा बसले होते.

"आबा... त्या दिवशी बल्ब तुम्ही विझवला?"

"मग! उजेड असताना लाईट? कोण येडं सारखं लावत होतं. मी बी हटलो न्हाई."

दोन्हीकडं बटण आहे, हे बसवणाराच विसरला होता.

तेजश्री हसली. मग हसू थांबलं आणि नुसते खांदे हलत राहिले.

"आता?" तिनं विचारलं.

नवनाथला 'चल' म्हणायचं होतं. "आता..." एवढंच म्हणाला. पुढच्या शब्दासाठी ती थोडी थांबली, मग गेली.

दिवाळीला ती माहेरी आली. दिवस मावळायच्या आत विहिरीवरचा बल्ब लागला. आबांचा हात सवयीनं बटणाकडं गेला. नवनाथनं तो मधेच धरला.

"राहू द्या, आबा."

बल्ब थोडा वेळ जळला... आणि विझला.

आबांचा हात अजून नवनाथच्याच हातात होता.