झाकलेली जागा

आम्ही भांड्यांना रंग लावत नाही. भांड्याभोवती पानं, कांद्याची सालं गुंडाळायची, मध्येच एखादा चपटा दगड तारेनं घट्ट बांधायचा, सगळं भुशात पुरून भट्टी पेटवायची. धूर पोचतो तिथे भांडं काळं होतं. दगडानं झाकलेली जागा तेवढी पांढरी राहते.

बाबांना मात्र दम निघत नसे. भट्टी निवायच्या आत झाकण उघडायचे, भांडी तडकायची, आणि आई म्हणायची, "उतावळा नवरा माझ्याच नशिबी यायचा होता."

बाबा गेले आणि आईनं चाक सोडलं. जेवणही टाळू लागली. तीही अशीच हळूहळू निघून जाईल, या भीतीनं माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी माझ्या हट्टाखातर तिनं एक बरणी केली. वाळताना तिला चीर गेली.

"टाकून देऊ या," मी म्हटलं.

"राहू दे गं. भाजून तर बघू."

बरणी अख्खी निघाली. चिरेवर पांढरा पंजा उमटला होता. करंगळी अर्धीच. बाबांची तशीच होती.

तिथे मी दगड बांधला नव्हता. "धुराचे खेळ," मी म्हणाले.

आई कितीतरी दिवसांनी हसली. "बघ, कसं सांभाळून धरलंय. जन्मात पहिल्यांदा." त्या दिवशी ती पोटभर जेवली. मला इतकं बरं वाटलं की मी पुढे काही विचारलं नाही.

मग ती रोज चाकावर बसू लागली. पुढच्या भट्टीत तिचा मोठा रांजण ठेवला. आगीची झळ तिला सोसत नाही, म्हणून तिला घरातच बसवलं. संध्याकाळी ती खुर्चीत पेंगली. मी अंगावर शाल घातली, दाराला बाहेरून कडी लावली आणि भट्टीपाशी गेले.

सकाळी झाकण काढलं.

रांजणावर बाबांचा पंजा होता.

शेजारी दुसरा. लहान, नाजूक. अनामिकेवर अंगठीची बारीक रेघ.

मी कडी काढून घरात आले. आई खुर्चीतच होती, शाल तशीच, नुकती जागी झालेली.

"नीट निघाला ना?" तिनं विचारलं. "फार जड होता गं. त्यांना एकट्याला पेलवेना."

"आई, हात बघू."

तिनं शालीतून हात बाहेर काढला. मागची बाजू काजळीनं काळीभोर होती. तळवा स्वच्छ.