सदस्य दोन

चिखलदऱ्याच्या पठारावर घरगाड्यांचा जो तळ होता, तिथल्या टीव्हीच्या सगळ्या छत्र्यांची तोंडं एकाच दिशेला असत. गाड्या कशाही उभ्या असोत, कुणाचं दार तलावाकडे, कुणाचं दरीकडे. पण टपावर बसवलेली किंवा शेजारी तिपाईवर उभी केलेली पांढरी छत्री दक्षिणेच्या आकाशातल्या एका न दिसणाऱ्या उपग्रहाकडे बघत असे. शहरातलं घर भाड्याने द्यायचं आणि निवृत्तीनंतर घरगाडीत राहायचं, यात आता कुणाला नवल वाटत नव्हतं. उन्हाळ्यात माणसं पठारावर येत आणि थंडी पडली की खाली तापीकाठच्या तळांवर उतरत. जाताना प्रत्येकजण घरच्या टीव्हीचा डबा सोबत नेई.

हर्षदाबाई गावंडे तिथे आल्या त्या पाऊस सरल्यावर. अकोल्याच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा प्रफुल्ल शाळेत क्रीडाशिक्षक होता. गाडी त्याने हौसेने घेतली, दोघांनी तिच्यातून मेळघाट, सातपुडा पालथा घातला, आणि आदल्या वर्षी एका सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता तो गेला. हर्षदाबाई काही महिने नाशिकला मुलाकडे राहिल्या. तिथे त्यांना पाहुण्यासारखं वाटत राहिलं. मग अकोल्याचा फ्लॅट भाड्याने देऊन त्यांनी गाडी स्वतः चालवत वर आणली.

प्रफुल्ल असताना फिरायला जाताना टीव्ही घरीच राहायचा, त्यामुळे छत्री जोडण्याची हर्षदाबाईंची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी तिपाई रोवली, सपाट बसली की नाही ते पाहिलं, छत्री दक्षिणेला वळवली. पडद्यावर काहीच येईना. मध्ये सिल्व्हर ओकचं झाड येत होतं. त्यांनी तिपाई उचलून उन्हात नेली, केबल खिडकीच्या रबरामधून आत घेतली, जुन्या साडीत गुंडाळून आणलेला घरचा डबा ओट्याखालच्या कप्प्यात ठेवला आणि छत्री केसभर केसभर वर उचलत गेल्या. शेवटी पडदा उजळला. त्यावर अक्षरं आली.

घर ओळखले. सदस्य: दोन.

हर्षदाबाई गाडीत एकट्याच होत्या. जुनी नोंद राहिली असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. तेवढ्यात टीव्हीने आपणहून कबड्डीचा सामना लावला आणि आवाज वाढवला. प्रफुल्लला आवाज एवढाच लागायचा. त्यावरून घरात रोज कुरबुर व्हायची. त्या दिवशी हर्षदाबाईंनी आवाज कमी केला नाही. सामना संपेपर्यंत त्या आपल्या कोपऱ्यात बसून राहिल्या.

यामागचं विज्ञान समजायला अवघड नाही. पूर्वी उपग्रहाची सेवा पत्त्याला बांधलेली असे. माणसं चाकांवर राहू लागली तेव्हा पत्ता निरुपयोगी झाला आणि प्रश्न उभा राहिला, की डब्याने घर ओळखायचं कशावरून? उत्तर सापडलं ते माणसांच्या शरीरात. डबा अत्यंत क्षीण रेडिओलहरी सोडतो. त्या अंगावर आपटून परत येतात आणि श्वासाची लय, छातीची धडधड, पाऊल टाकण्याची ढब, खुर्चीत बसण्याची सवय असं सगळं टिपतात. या सगळ्याच्या गोळाबेरजेला वावरठसा म्हणतात. अंगठ्याच्या ठशासारखाच हाही प्रत्येकाचा वेगळा असतो. ज्या घरातल्या माणसांचे ठसे डब्याच्या ओळखीचे, ते त्याच्या लेखी घर, मग ते कुठेही उभं असो. कोण समोर बसलं आहे ते कळल्यामुळे डबा त्याच्या आवडीचा कार्यक्रम, आवाज, खोलीतला उजेडही आपणहून ठरवतो.

पुढच्या रविवारी मुलाचा, तन्मयचा फोन आला तेव्हा बोलता बोलता हर्षदाबाईंनी बाबांची नोंद अजून डब्यात असल्याचं सांगितलं. तन्मय म्हणाला, ते शक्य नाही, मी स्वतः मृत्यूचा दाखला पाठवून ती बंद करून घेतली होती. फोन ठेवल्यावर हर्षदाबाईंनी पडद्यावरची अक्षरं पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी कंपनीला कळवलं.

कंपनीने नेहमीचा दुरुस्तीवाला पाठवला नाही. अमरावतीहून शर्वरी तायडे नावाची तरुण बाई आली. डब्यातली ओळखण्याची पद्धत बसवणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी ती एक होती. तिने हर्षदाबाईंना थोडा वेळ बाहेर उभं राहायला सांगितलं आणि स्वतःही बाहेर येऊन डब्याशी जोडलेल्या हातातल्या पडद्याच्या पाटीवर पाहिलं. डबा म्हणत होता, घरात कुणी नाही. हर्षदाबाई आत गेल्या. डबा म्हणाला, दोन. त्यांना पुन्हा बाहेर बोलावलं, पुन्हा कुणी नाही. शर्वरीने हे वारंवार करून पाहिलं. मग ती आत येऊन बसली. हर्षदाबाईंनी चहा टाकला, आणि त्या इकडून तिकडे जात असताना ती त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली.

"काकू," ती म्हणाली, "ओट्याकडे जाताना तुम्ही अंग चोरून का जाता? वाट मोकळी आहे."

हर्षदाबाई थांबल्या. वाट खरंच मोकळी होती. प्रफुल्लचा उजवा गुडघा खेळताना गेलेला होता. तो पुढच्या आसनावर पाय लांब करून बसायचा आणि त्याच्या पायाला धक्का लागू नये म्हणून त्या तिरक्या होऊन जायच्या. आजही त्या तशाच गेल्या होत्या.

शर्वरीने त्यांना समजावून सांगितलं. घरगाडी पत्र्याची असते. लहरी पत्र्यावर आपटून विस्कटतात, फ्रिजमागे किंवा न्हाणीत गेलेलं माणूस डब्याला दिसत नाही. म्हणून घरचा डबा गाडीत जोडला की कामाला लागेल अशी एक जास्तीची गोष्ट त्याला शिकवली होती. एखादं माणूस दिसत नसेल तर बाकीच्यांच्या वागण्यावरून ओळखायचं, की ते कुठे आहे. कुणी वाट सोडतं, कुणी मागे वळून थांबतं, कुणी बाजेची अर्धीच जागा घेतं. या रिकाम्या जागांवरून डबा झाकलेल्या माणसाचा अंदाज बांधतो. तिच्या प्रयोगशाळेत याला पोकळीवाचन म्हणत. आणि ओळखी विसरणं डब्याला येत नाही. नोंद बंद केली तरी ओळखीचा ठसा पुन्हा जुळला की तो ती आपणहून उघडतो.

"म्हणजे प्रफुल्ल मला दिसत नाही, पण डब्याला दिसतो?"

"नाही काकू. डब्याला तुम्हीच दिसता. तुमच्या वागण्यात काकांच्या मापाची जागा आहे. ती इतकी नेमकी आहे, की डबा ती मोकळी समजत नाही."

हर्षदाबाईंनी चहा गाळला. कप पुढे केला. रक्तपेढीत त्यांनी आयुष्यभर माणसं नळ्यांवरून ओळखली होती, त्यामुळे असल्या गोष्टींची त्यांना भीती नव्हती.

शर्वरी म्हणाली, की पोकळीवाचन बंद करता येतं. गाडीत एकटंच माणूस राहत असेल तर त्याची गरजही नाही. बंद केलं की पडद्यावर एकच सदस्य येईल आणि टीव्ही त्यांच्या आवडीचं लावू लागेल. हर्षदाबाईंनी लगेच नको म्हटलं. मग शर्वरीला सांगणं भाग पडलं, की हे आहे तसं राहणार नाही. डबा काकांसाठी सामना लावतो, काकांपुरता उजेड ठेवतो. त्यामुळे हर्षदाबाई काकांसाठी आणखी जागा करतात. त्या जागेवरून डब्याची खात्री आणखी वाढते.

"डबा आणि तुम्ही मिळून त्यांना घट्ट करत चालला आहात. हे कुठे थांबेल, मला माहीत नाही."

"त्यात कुणाचं काय बिघडतं पोरी?"

हर्षदाबाईंच्या म्हणण्यावरून शर्वरीने पोकळीवाचन सुरू ठेवलं. शिवाय इतकी स्वच्छ पोकळी तिने याआधी कधी पाहिली नव्हती, आणि ती पुढे काय होते ते पाहायची तिला उत्सुकता होती. हेही त्यात होतंच. अधूनमधून येऊन पाहीन, एवढं बोलून ती परत गेली.

थंडी पडली. तळावरच्या गाड्या एकेक करून खाली गेल्या. शेजारच्या जोडप्याने हर्षदाबाईंना बरोबर चला म्हणून आग्रह केला. त्यांनी नाही म्हटलं. इथे छत्री नीट बसली आहे, पुन्हा कुठे जुळवत बसू, असं कारण त्यांनी दिलं. दिवाळीला त्या नाशिकलाही गेल्या नाहीत. गाडीचं दार लावून घेतलं की आत उबदार वाटायचं. रोज संध्याकाळी सामना लागायचा, आवाज वाढायचा, पुढच्या आसनावरचा दिवा मंद व्हायचा. हर्षदाबाई आपल्या कोपऱ्यातून त्या आसनाशी बोलायच्या. आज तलावावर धुकं किती होतं, तन्मयचा फोन आला होता, असलं काहीबाही.

त्यांच्या कोपऱ्यातून पडदा तिरपा दिसायचा. उजेड आणि आवाज त्या आसनापाशीच बरोबर जुळायचा. म्हणून एक दिवस त्या तिथे जाऊन बसल्या, आणि मग रोजच बसू लागल्या. बसलं की पाय लांब करावासा वाटायचा. कबड्डीतलं त्यांना कळू लागलं, चढाई फसली की तोंडातून चक् असा आवाज निघू लागला. चहातली साखर कधी सुटली ते त्यांना आठवत नव्हतं. भाकरीचा काठ त्या पूर्वी कधी टाकत नसत, आता ताटात उरू लागला. पूर्वी संध्याकाळी हर्षदाबाई गाण्यांचा एक कार्यक्रम न चुकता ऐकायच्या. तो डब्याने लावणं बंद केलं, आणि त्यांनीही तो शोधला नाही. तन्मय फोनवर म्हणाला, आई, तुझा आवाज बसलाय का? थंडी आहे इथे, असं सांगून त्यांनी विषय बदलला.

शर्वरीला मधल्या काळात येणं जमलं नाही. ती आली तेव्हा होळी झाली होती. पळसाची फुलं घाटात सगळीकडे पडली होती आणि वरचा तळ पुन्हा भरू लागला होता. गाडीपाशी पोहोचण्याआधी तिने पाटी उघडून पाहिली आणि तिला एकदम हलकं वाटलं. डबा म्हणत होता, सदस्य: एक.

ती हसतच आत शिरली. हर्षदाबाई पुढच्या आसनावर बसल्या होत्या. शर्वरीने त्यांना सांगितलं, की तिची भीती उगाचच होती. दुःख आपल्या गतीने ओसरलं, पोकळी भरून आली, आता घरात एकच माणूस आहे. हर्षदाबाईंनी मान हलवली. मग सवयीने शर्वरीने त्या एका सदस्याच्या पुढचं नाव पाहिलं.

प्रफुल्ल गावंडे.

आधी तिला वाटलं, दोन नोंदींची अदलाबदल झाली असेल. तिने पोकळीवाचन बंद केलं. अंदाज बांधणंच थांबल्यावर जो उरेल तो प्रत्यक्ष लहरींनी मोजलेला ठसा असणार होता. पडद्यावर काही बदललं नाही. तिने हर्षदाबाईंना उठून दारापर्यंत चालायला सांगितलं. त्या उठल्या आणि उजवा पाय किंचित ओढत दारापर्यंत जाऊन आल्या. मग तिने त्यांना डोळे मिटून शांत श्वास घ्यायला सांगितलं. डब्याने प्रत्येक वेळी तेच नाव दाखवलं, आधीपेक्षा जास्त खात्रीने. हर्षदा गावंडे यांच्या नावापुढे लिहिलं होतं, पौषापासून घरात आढळ नाही. नोंद बंद करायची का?

शर्वरीने सगळे आकडे पुन्हा तपासले. ज्या डब्याला तिने माणसं ओळखायला शिकवलं होतं, त्याची कुठेही चूक झालेली नव्हती. तिने ‘नाही’ या अक्षरांवर बोट ठेवलं. प्रश्न गेला. तिने पाटी हर्षदाबाईंच्या हातात दिली, कारण न दाखवणं तिला जमलं नसतं.

हर्षदाबाईंनी ती सावकाश वाचली.

"मला वाटलं होतं, तो माझ्यासोबत राहील," त्या म्हणाल्या. "म्हणून मी जागा देत गेली. लहान आहे नं गाडी. दोघांना नाही पुरली."

"काकू, तुम्ही इथेच आहात. हे नुसतं मोजमाप आहे."

"हो नं."

शर्वरीने हर्षदाबाईंचा फोन मागून घेतला. तिने तन्मयला फोन लावला आणि आईला न्यायला ये, एवढंच सांगितलं. तो लगेच निघतो म्हणाला, पण पोहोचायला रात्र होणार होती. हर्षदाबाईंनी कशालाच हरकत घेतली नाही. शर्वरीने डब्याची वायर काढली, तेव्हा पडदा काळा झाला आणि दिवे सगळे सारखे पेटले. त्या उठून बाहेर गेल्या आणि तळाच्या कठड्यापाशी दरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

शर्वरीने खिडकीच्या रबरामधून केबल ओढून घेतली. तिपाई एकटीला आवरेना. छत्री धरायला कुणीतरी हवं होतं. तिने हाक मारली, "काकू."

हर्षदाबाईंनी वळून पाहिलं नाही. वारा नव्हता, अंतरही फार नव्हतं. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी मात्र खिडकीतून डोकावलं. शर्वरी दोन पावलं पुढे गेली आणि या वेळी नाव घेऊन मोठ्याने हाक मारली. त्या तशाच उभ्या होत्या, डाव्या पायावर भार देऊन, हात पाठीमागे बांधून, मैदानावर पोरांचा खेळ बघत उभं राहावं तशा.

दुसरं नाव शर्वरीच्या ओठांपर्यंत आलं. ते घेऊन पाहिलं असतं तर लगेच कळलं असतं. तिने ते घेतलं नाही. हातातल्या केबलचं वेटोळं करत ती तन्मयच्या गाडीची वाट बघत राहिली.