जुळ्या स्कूटरी

"आरटीओवाले सोमवारी लायसन्स घेऊन हजर राहा म्हणतायत!" श्रेयाचे बाबा, गुणाजी, दारातच बसले. "तीन महिने लायसन्स गेलं, तर लॅबवाले मला ठेवतील होय?"

श्रेयाच्या हातातला कंदिलाचा कागद तसाच राहिला. लालबागच्या त्यांच्या चाळीत दिवाळीची सुट्टी रंगात आली होती, आणि हे काय मध्येच? बाबा रोज स्कूटरवरून रक्ताचे नमुने माझगावला पोचवायचे. हेल्मेटशिवाय ते कोपऱ्यावर दूध आणायलाही जात नसत. त्यांना बिनहेल्मेटची पाच चलानं?

"चलानावरचा फोटो दाखव," शेजारचा पुष्कर म्हणाला.

हिंदमाताचा सिग्नल, करडी स्कूटर, बोडका माणूस. चेहरा धूसर, पण नंबर लख्ख. शेवटचा आकडा सहा.

"ढेरी बघ गं! तुझे बाबा तर काडी!"

"अशी ढेरी आपल्या चाळीत एकाचीच!"

हितेंद्रकाका! महिनाभर ते गॅलरीत मिरवत होते, "बिनहेल्मेट फिरतो, एक चलान नाही! नशीब लागतं!"

काही वर्षांपूर्वी पाडव्याच्या मुहूर्तावर बाबांनी आणि काकांनी एकाच दुकानातून सारख्या स्कूटरी घेतल्या होत्या. नंबरही पाठोपाठचे, सहा आणि सात. गेल्या महिन्यात सरकारी नियमाच्या नव्या नंबरपाट्या चाळीच्या चौकात बसवल्या, तेव्हा काकाच "लाव रे पटापट!" करत उभे होते.

श्रेया गाडीचे कागद घेऊन खाली धावली. कागदावर सहा. बाबांच्या स्कूटरवर सात!

"आईशप्पथ, पाट्या बदलल्या!"

"हॅट्!" काका मागून गुरकावले. "पाट्या बरोबर आहेत. तुम्हीच माझी स्कूटर वापरताय!"

"मग चेसिस नंबर बघू," श्रेया म्हणाली. "लोखंडावर कोरलेला असतो. तो कसा बदलेल?"

पुष्करने स्कूटरवर कागद धरला, श्रेयाने वरून पेन्सिल घासली. एकेक आकडा उमटत गेला. बाबांच्या कागदांशी तंतोतंत जुळला!

तळमजल्यावरच्या गंगुबाई तांदूळ निवडत सगळं ऐकत होत्या. "हितेंद्रा, मेल्या, पाटी चुकली ती चुकली. पण डोक्यार काय होता तुझ्या? केस तरी खंय रवलेत!"

काकांनी टकलावरून हात फिरवला.

सोमवारी आरटीओच्या साहेबांनी पेन्सिलीचे ठसे कागदांशी ताडून पाहिले आणि गुणाजींचं लायसन्स परत केलं. "कोणी घेतले हे? आमच्या माणसांनाही इतके स्वच्छ जमत नाहीत!" मग सोबत आलेल्या हितेंद्रकाकांपुढे हात केला. "तुमचं काढा."

बाहेर आल्यावर काका हळूच म्हणाले, "तीन महिने मी फिरू कसा, गुणाजी?"

"माझ्या मागे बसा की," बाबा हसले. "पण हेल्मेट घालाल, तरच!"