बाकावरची टकटक

मौनसभा सुरू होऊन बराच वेळ झाला होता. तेवढ्यात सभाघराचं दार करकरलं आणि गार वाऱ्याबरोबर एक तरुण आत आला. खांद्यांवर बर्फ, पायांत उन्हाळी बूट. सगळ्या बाकांवर माणसं डोळे मिटून बसलेली. रिकामी जागा होती ती फक्त फीबीच्या शेजारी.

तो अलगद टेकला. ओल्या लोकरीचा वास आला. फीबीचे डोळे मिटलेलेच होते... म्हणजे एक मिटलेला होता.

"सुरू कधी होणार?" तो कुजबुजला.

"सुरूच आहे."

त्यानं मान उंचावून पुढच्या बाकांकडे पाहिलं.

"पाद्री कुठाय?"

"आम्हा क्वेकरपंथीयांत पाद्री नसतो. गप्प बसणं हीच प्रार्थना."

"गाणी?"

"तीही नसतात."

"निदान एखादी घंटा?"

फीबीला हसू फुटलं. तिनं रुमाल तोंडावर दाबला. आणि मग तिला ती टकटक जाणवली. त्याची बोटं बाकाच्या फळीवर हलकेच नाचत होती. टक... टकटक... टक. फळीतून तो ताल थेट तिच्या तळहातापर्यंत येत होता.

समोरच्या बाकावरून केझाया आत्यानं डोळे उघडले. बोटं थांबली. आत्या आमच्यातली सगळ्यांत वडील. तिनं शेजारणीचा हात हातात घेतला की सभा संपायची आणि मग सगळे एकमेकांचे हात हातात घ्यायचे. त्या दिवशीही आत्यानं वेळ पुरी होईपर्यंत हात हलवला नाही. फीबीच्या हातात मात्र त्या पाहुण्याचा हात जरा जास्तच वेळ राहिला. गार होता ना तो, म्हणून!

त्याचं नाव हासिन्तो. ग्वाटेमालातला. तिकडे तो जत्रांमधून मारिम्बा वाजवायचा, ते लाकडी पट्ट्यांचं वाद्य. एका जत्रेत सैनिकांनी त्याच्या भावाला उचललं. तो पुन्हा दिसला नाही. हासिन्तो डोंगर आणि नद्या तुडवत पेनसिल्व्हेनियात आमच्यापर्यंत पोचला. पण अमेरिकेचं सरकार अशा पळून आलेल्यांना धरून परत पाठवत होतं, आणि परत जाणं म्हणजे भावाच्या मागोमाग जाणं.

त्याला सभाघराच्या मागच्या खोलीत ठेवायचं का, यावर आमचे लोक बसले. आमच्यात मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं मन एक होईतो बसून राहायचं. शेवटी अडली ती आत्या.

"ठेवू या. कायद्याचं काय ते आपण सोसू," ती म्हणाली. "पण त्या बोटांचं काय करायचं?"

फीबी रोज सूप घेऊन जायची. एकदा गेली तर यानं मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांत कमी-जास्त पाणी भरून ओळीनं मांडलेल्या, आणि चमच्यानं वाजवत बसलेला.

"आत्यानं ऐकलं तर?"

"ऐकलं की. काल दाराबाहेर उभ्या होत्या. पाय हलत होता त्यांचा."

"खोटं!"

"खोटंच. तुला येतं का बोलायला?"

"आमच्यात खोटं बोलत नाहीत."

"कधीच नाही? अरेरे... शिकवतो. सोपं आहे. म्हण, सूप मी केलं."

"ते आत्यानं केलंय."

"म्हणून तर चांगलं आहे. बरं, दुसरं घे. म्हण... मला हासिन्तो आवडत नाही."

फीबीनं तोंड उघडलं. मिटलं. खिडकीबाहेर सफरचंदाच्या झाडावरून बर्फ धप्पकन खाली पडलं. तिचे कान लाल झाले होते.

"म्हण ना—"

"सूप निवतंय," ती म्हणाली आणि पळाली.

त्या हिवाळ्याइतका ऊबदार हिवाळा फीबीला पुन्हा भेटला नाही.

बर्फ वितळायला लागलं आणि एका सकाळी अधिकारी दारात आला. आत्या जुन्या वळणाची. सगळी माणसं सारखी म्हणून न्यायाधीशालासुद्धा 'तू'च म्हणायची.

"बूट पूस आणि आत ये."

"तो ग्वाटेमालाचा माणूस इथे आहे का?"

"ते मी तुला सांगणार नाही. कॉफी घेशील?"

तो फीबीकडे वळला. "तू सांग."

"मीही सांगणार नाही."

अधिकारी हसला. "बाई, तो नसता तर सरळ 'नाही' म्हणाला असतात. तुम्ही लोक खोटं बोलत नाही, हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. दुपारी झडतीचा हुकूम घेऊन येतो."

त्यानं कॉफी घेतली नाही.

मागच्या खोलीत हासिन्तो आधीच बूट बांधत होता. कुणाची तरी गाडी मागच्या दाराशी लागली होती.

"फीबी, मी—"

"सांगू नकोस!" तिनं त्याच्या ओठांवर हात ठेवला. "कुठं जातोयस ते सांगू नकोस. मला विचारतील. माझ्या तोंडाकडे बघूनच कळेल त्यांना."

"पत्र?"

"तेही नको. पत्रावर गावाचं नाव असतं."

"मी बरोबर शिकवलं नाही तुला," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न करत होता.

गाडी गेली. त्यानंतर कितीदा तरी तिला विचारलं गेलं, कुठे आहे तो? दर वेळी ती खरं सांगायची, "मला माहीत नाही." इतकं खरं बोलणं इतकं दुखतं, हे तिला तेव्हा कळलं. बरण्या तिनं धुऊन ठेवल्या, पण त्यांत मुरंबा काही कुणाला भरू दिला नाही.

हिवाळे आले नि गेले. मागची खोली दुसऱ्या पाहुण्यांनी भरत राहिली. फीबी त्यांनाही सूप नेत राहिली. आता ते सूप तीच करायची.

मग एका रविवारी मौनसभा नुकतीच सुरू झाली होती. दार करकरलं. फीबीनं डोळे उघडले नाहीत. उशिरा येणारे असतातच. कुणीतरी शेजारी बसलं. कोरड्या लोकरीचा वास. आणि मग फळीतून, थेट तळहातात...

टक... टकटक... टक.

वळून बघावं तर मौन. बोलावं तर मौन. अख्खी सभा अजून पुढे पडलेली! तिनं तळहात फळीवर घट्ट दाबून धरला, डोळ्यांतून पाणी गळू दिलं, आणि ताल ऐकत राहिली.

समोर केझाया आत्यानं डोळे उघडले. त्या बोटांकडे बघितलं. पोरीच्या तोंडाकडे बघितलं. आणि सरळ शेजारणीचा हात हातात घेतला.

सगळे चकित होऊन डोळे चोळू लागले.

"केझाया, वेळ झाली?" शेजारणीनं विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. खोटं बोलायची नाहीच ती. "सभेची नाही झाली. या पोरीची मात्र केव्हाच झालीय."

फीबीनं मान वळवली. तोच होता. अंगावर जाड कोट, पायांत थंडीचे बूट.

"कॅनडात होतो," तो म्हणाला. "आता राहायचे रीतसर कागद आहेत. आता कुणालाही सांग." मग हळूच, "म्हण बघू... मला हासिन्तो आवडत नाही."

तिनं त्याचा हात हातात घेतला. आज तो गार नव्हता, तरी सोडला नाही.

"आमच्यात," फीबी म्हणाली, आणि साऱ्या सभाघरानं ते ऐकलं, "खोटं बोलत नाहीत."