अननसाच्या फोडी

"बाई, तुमच्या नवऱ्याच्या ग्लासात दारू निघाली," फौजदार म्हणाले. "पोटातही. अहवाल आलाय."

थोरली सून ओट्याला टेकून उभी होती. पाच दिवस तिला भूक नव्हती, झोप नव्हती, रडू तर नाहीच. कुणी हातात चहा दिला की ती प्यायची, कप काढून घेतला की देऊन टाकायची.

"त्यांनी सोडली होती. दोन वर्षं झाली."

"सगळ्यांचीच सुटलेली असते हो!" माणूस वाईट नव्हता, पण उन्हात वणवण करून वैतागला होता. "दारू पिऊन प्रकृती बिघडली, असं लिहिलंय. सही करा, म्हणजे मीही सुटलो न् तुम्हीही."

झालं होतं ते असं. सासऱ्यांच्या हॉटेलातला बार थोरला चालवायचा. पिण्यापायी काउंटर हातचं गेलं आणि धाकट्याकडे आलं. दोन वर्षं थोरला कोरडा राहिला, तेव्हा कुठे म्हातारा विरघळला. रविवारी दुपारी किल्ल्या परत द्यायचं ठरलं. त्या आनंदात थोरल्याने सगळ्यांना आपल्या वेगळ्या बिऱ्हाडी बोलावून कॉकटेल केलं. पांढरी रम, लिंबू, पुदिना, सोडा, ग्लासच्या कडेला संत्र्याची चकती. स्वतःचा जग वेगळा, त्यात रमऐवजी आल्याचा झणझणीत रस. बर्फ मात्र कुणालाच नाही. बर्फाने पेय पाणचट होतं, हा त्याचा हेका. तो आदल्या संध्याकाळी फळांच्या फोडी गोठवायला ठेवायचा आणि बर्फाच्या जागी त्याच घालायचा. घरच्यांना कलिंगड, स्वतःला अननस. ग्लासातलं फळ तो आधी खायचा, पेय नंतर.

किल्ल्या देताना सासऱ्यांनी त्याला मिठी मारली आणि तसंच ढकलून दिलं. तोंडाला वास येत होता. पंधरा मिनिटांत थोरला लालबुंद झाला, धापा टाकू लागला, खाली कोसळला तो उठलाच नाही.

प्यायचो नाही, असा त्याने बायकोला शब्द दिला होता. तो मोडला की पाळला, एवढंच थोरलीला कळायला हवं होतं. बाकी तिला आता काही नको होतं.

"त्यांच्या जगमध्ये होती का दारू?" तिने विचारलं.

"थेंबही नाही. म्हणजे ग्लासात मागाहून ओतली."

"रमची बाटली सगळा वेळ बाबांच्या कोपराशी होती."

"मग आभाळातून पडली का?"

थोरली बाहेरच्या खोलीत गेली. सासरे, धाकटा दीर आणि जाऊ भिंतीला टेकून बसली होती. तिने जावेलाच विचारलं, "ह्यांचा ग्लास कुणी भरला?"

"मी. दादांनी सगळ्यांचं केलं, म्हटलं, त्यांना आपण करून देऊ. ताई, माझ्यावर संशय घेताय?"

"अननस कशाने घातलास?"

"चमच्याने. इतका बुळबुळीत, चिमट्यात येईच ना."

"आणि कलिंगड?"

"अगं बाई, ते तर दगड! डबा आपटून आपटून सुटं केलं."

थोरलीने फ्रीजरमधून दोन्ही डबे आणून, तिच्या मागोमाग बाहेर आलेल्या फौजदारांपुढे ठेवले. पाच दिवसांत ते उघडायचं कुणालाच सुचलं नव्हतं. कलिंगडावर चमचा वाजला. अननसात तो सरळ तळापर्यंत गेला.

"एकाच कप्प्यात होते दोन्ही," ती म्हणाली. "वास घ्या, साहेब. रममध्ये मुरलेलं फळ घरच्या फ्रीजरमध्ये कडक होत नाही, हे ह्यांनीच मला सांगितलं होतं."

फौजदारांनी नाक जवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं.

"काहीतरीच काय, वहिनी!" धाकटा उसळला. "दादा बारमन होता. नुसत्या वासावरून बाटली ओळखायचा. त्याला कळलं नसतं?"

"एरवी कळलं असतं. पण शनिवारी दुपारपासून सर्दीने त्यांचं नाक चोंदलेलं होतं. वर आल्याचा झणका. चव कशी कळणार?"

"सर्दी तर रविवारी सगळ्यांनाच दिसली असणार," फौजदार म्हणाले.

"रविवारी. पण त्याच दुपारी फोडी बुळबुळीत होत्या, म्हणजे रम तेव्हाच आतपर्यंत मुरलेली. गोठलेल्या फोडींवर ओतली असती तर वरवरच लागली असती. ती पडली फोडी ताज्या असताना, म्हणजे शनिवारी संध्याकाळी. जाऊबाई आणि बाबा आले रविवारी." ती दिराकडे वळली. तिचा आवाज भाजीची यादी वाचावी तसा सपाट होता. "भाऊजी, शनिवारी बाटल्या पोचवायला तुम्ही आलात. हे डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत होते. 'दादा, आता नाकाखाली मोरी तुंबली तरी कळायचं नाही तुला,' म्हणून हसलात. मग बाटल्या ठेवायला एकटेच स्वयंपाकघरात गेलात."

जाऊ नवऱ्यापासून दूर सरकली.

"तोंडाला वास यावा, एवढंच हवं होतं मला," धाकटा म्हणाला. "दोन वर्षं काउंटर मी सांभाळलं, न् याने नुसता शहाणपणा केला की किल्ल्या याला? चार फोडींनी कुणी मरतं का हो?"

"दारू सोडायच्या गोळ्या चालू असतील तर मरतं. त्यांच्यावर थोडीशीही चालत नाही."

"गोळ्या? मला कुणी सांगितलं होतं?"

"कुणालाच नाही. हे नको म्हणाले. गोळीच्या धाकाने सोडली, मनाने नाही, असं बाबांना वाटायला नको होतं त्यांना."

फौजदारांनी कपाळाला हात लावला. "अहो, मग मला तरी सांगायचं!"

"मला वाटलं, गोळी चालू असताना पितात म्हणजे जिवावर उदार होऊनच. ते कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं मला."

दाराशी उभ्या असलेल्या हवालदाराने धाकट्याला दंडाला धरून बाहेर नेलं. फौजदारांनी जुना कागद दुमडला आणि नवा काढला.

सासरे भिंत धरून उठले. "मी ढकललं त्याला, सूनबाई. तोंड दाखवू नकोस म्हणालो. सगळ्यांदेखत."

त्यांची समजूत काढावी असं तिला वाटलं, पण खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

"शेवटी माझा हात धरून म्हणाले, 'मी घेतली नाही गं,'" ती म्हणाली. "आणि मी काय म्हटलं ठाऊक आहे, बाबा? म्हटलं, माझ्याशी तरी खोटं बोलू नका."

मग ती तिथेच खाली बसली आणि पाच दिवसांत पहिल्यांदा रडली.