तिसऱ्यांदा फॉरमॅट

दारातच आमची टक्कर झाली. मी चहाचे रिकामे कप घेऊन बाहेर निघाले होते आणि तो टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप छातीशी धरून आत घुसत होता. बाहेर भुरभुर पाऊस, त्याच्या चष्म्यावर थेंब... कप वाचले, लॅपटॉप वाचला. माझं काही खरं नाही, हे मात्र मला तिथेच कळायला हवं होतं.

"सॉरी हं... दुरुस्ती करणारे कुठे भेटतील?"

"भेटले की."

त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे काउंटरवर दादा बसला होता.

"तिकडे नका बघू. तो माझा भाऊ. तो फक्त विकतो, दुरुस्त मी करते."

"मग बरंच झालं," तो म्हणाला. का बरं झालं, ते काही सांगितलं नाही.

तो घरांचे नकाशे काढायचा. लॅपटॉप उघडला तर एक खिडकी बंद करावी आणि दहा उघडाव्यात, अशी अवस्था. मी दोन मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला, "व्हायरस मुरलाय. वरवरच्या उपायांनी जाणार नाही. सगळं पुसून सिस्टिम नव्याने टाकावी लागेल."

"सगळं?" त्याचा चेहरा एवढासा झाला.

"घाबरू नका. आधी तुमचे नकाशे बाजूला काढते, तपासते, मग पुसते."

लोक लॅपटॉप ठेवून जातात आणि संध्याकाळी येतात. हा स्टुलावर ठाण मांडून बसला. मी प्रत्येक नकाशा उघडून, रेघा जागच्या जागी आहेत ना ते बघत होते आणि तो मला बघत होता. मग नवी सिस्टिम चढायला लागली.

"ही पट्टी पुढे सरकतच नाहीये," तो म्हणाला.

"टक लावून पाहिलं की लाजते ती."

"असं होय? मग दुसरीकडे बघतो..." आणि खुशाल माझ्याकडे बघत बसला. मी स्क्रू शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकले. दादा काउंटरवर उगीचच खोकला.

निघताना मी त्याला बजावलं, "घरातलं जुनं काहीही, मला दाखवल्याशिवाय यात टाकायचं नाही."

"शब्द देतो."

आठव्या दिवशी शब्द आणि लॅपटॉप, दोन्ही मोडून तो दारात हजर. पुन्हा तीच खिडक्यांची जत्रा.

"एक जुना फोल्डर होता... पेनड्राइव्हवर," मान खाली घालून तो म्हणाला. "परत टाकला. चुकलंच." त्या दिवशी त्याला कुठल्याशा बांधकामावर जायचं होतं, म्हणून तो थांबला नाही. बरं झालं थांबला नाही.

कारण तो फोल्डर मी उघडला. चारशे बारा फोटो, आणि सगळ्यांत ती. निळ्या स्वेटरमधली. तळ्याकाठी ती, पुलावर ती, जिन्यात बसून संत्रं सोलणारी ती. अर्ध्या फोटोंत शेजारी हा, कानापर्यंत हसणारा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण ही? आणि दिसायला बरी असायची काय गरज होती?

फोटोंच्या शेवटी एक शुभेच्छापत्र होतं. तिनेच पाठवलेलं, वाढदिवसाचं. क्लिक केलं की पडद्यावर फूल उमलायचं, सूर वाजायचा आणि मागच्या दाराने व्हायरस आत शिरायचा. तिलाही ते ठाऊक नसणार. कुठूनतरी घेऊन पुढे पाठवलं असेल. पण माझ्यातला शहाणपणा त्या दिवशी सुट्टीवर होता.

मी फोल्डर तपासला. फोटो स्वच्छ होते, चारशे बाराच्या चारशे बारा. खराब होतं ते फक्त शुभेच्छापत्र. आमच्या दुकानाचा एक नियम आहे, आणि तो मीच केलेला आहे: गिऱ्हाइकाची एकही चांगली फाइल आपल्या हातून जाता कामा नये.

मी नकाशे तेवढे बाजूला काढले आणि बाकी सगळं पुसलं. फोटोंचा बॅकअप न घेता.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी स्क्रीनवरची नजर न हलवता सांगितलं, "ते शुभेच्छापत्र आहे ना, त्यातून आला व्हायरस. फोटोही सगळे सडले होते. घरचा पेनड्राइव्हसुद्धा टाकून द्या."

"सगळे फोटो?"

"सगळे."

मग तो म्हणाला, "आम्ही लग्न करणार होतो. तीन वर्षं झाली... तिने दुसरा विचार केला." आणि लॅपटॉप उचलून गेला. हसला नाही, स्टुलावर टेकलासुद्धा नाही.

त्यानंतरचे दिवस माझे मलाच माहीत. कामात मी आजवर खोटं बोलले नव्हते. रात्री अंथरुणावर पडलं की ते न सडलेले फोटो आठवायचे, आणि लाज वाटायची. लगेच तिचा स्वेटर आठवायचा, आणि जळफळाट व्हायचा. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, कुणास ठाऊक. पण वाटायचं.

माझ्या तापटपणामुळे दादा मला ठिणगी म्हणतो. बाराव्या दिवशी त्याची आरोळी आली, "ठिणगे, ऊठ. आपलं नेहमीचं गिऱ्हाईक आलंय."

लॅपटॉपचं तेच. या वेळी सोबत पेनड्राइव्हही आणला होता त्याने. तपासणीसाठी ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरला मी तो लावला. आत एकच फाइल होती. तेच शुभेच्छापत्र.

म्हणजे फोटो गेले तरी चालतील, पण तिचं फूल हवं! माझा आवाज चढला.

"मी सांगितलं होतं ना, यात विष आहे म्हणून? तरी उघडलंत? रोज उघडता की काय, पूजा केल्यासारखं?"

"एकदाच उघडलं. काल... मुद्दाम."

"मुद्दाम?" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आता पुढचं बोलायचं तर आधीचं खोटं गिळून चालणार नव्हतं. "थांबा, आधी माझं ऐका. ते फोटो चांगले होते. एकही सडला नव्हता. मी पुसले... रागाने. दुसऱ्या दुकानात जायचं असेल तर जा."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पेनड्राइव्ह टीव्हीला लावून पाहिला. फोटो ठणठणीत. म्हटलं, जाऊन चांगलं भांडायचं. तावातावाने निघालो, आणि जिन्यात थबकलो." त्याने चष्मा काढला, पुन्हा घातला. "नकाशातली एक रेघ हलू नये म्हणून जीव टाकणारी बाई... चारशे फोटोंबद्दल खोटं का बोलेल? उत्तर सुचलं आणि परत वर गेलो. फोटो मीच पुसले."

"मग हे कशाला ठेवलं?"

"लॅपटॉप धडधाकट असता तर इथे कुठल्या तोंडाने आलो असतो?"

मला हसावं की त्याच्या डोक्यात कीबोर्ड घालावा, कळेना. "अहो, दारात उभं राहून दोन शब्द बोलता येत नव्हते?"

"नाही ना येत..."

"तरी चुकलेच मी," मी म्हणाले. "ते पुसायचा मला काही हक्क नव्हता."

"तेव्हा नव्हता." त्याने माउस माझ्या हाताशी सरकवला. "आता देतोय."

मी माउस परत त्याच्याकडे ढकलला. "तुम्हीच पुसा."

त्याने शुभेच्छापत्र पुसलं. मग नकाशे बाजूला काढून मी लॅपटॉप फॉरमॅटला लावला आणि त्याच्यासमोर येऊन बसले.

"हे बघा, मला तुम्ही आवडता. पण मी अशी आहे, जळकी. उद्या तुमच्या ऑफिसात कुणी तुमच्याकडे पाहून हसलं तरी माझा तिळपापड होईल. अजून तासभर आहे, नीट विचार करा."

"विचार जिन्यातच झाला," तो म्हणाला, आणि त्याने टेबलावरचा माझा हात धरला.

"ठिणगे," दादाने काउंटरवरून विचारलं, "अजून किती वेळ?"

"वेळ लागेल," मी म्हणाले, आणि हात सोडवून घेतला नाही.