तिसरा भाग

शनिवारी संध्याकाळी सातला पिझ्झा मागवायचा, हा आमचा नऊ वर्षांचा नेम. आम्ही तिघं. मी नळाची कामं करणारा फिटर, खालच्या मजल्यावरचा शिंपी आणि समोरच्या बिल्डिंगमधला घड्याळजी. तिघांच्या बायका गेलेल्या, पोरं लांब. जमायचं माझ्या खोलीत. चार मजले चढायचा कंटाळा मला येतो, त्यांना येत नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं.

कोपऱ्यावरच्या पिझ्झावाल्या बाईला आमच्या खोडी पाठ होत्या. पिझ्झा एकच, मोठा, पण त्यात भाग तीन. शिंप्याला कांदा चालत नाही. मला मिरची भरपूर लागते. घड्याळजीला नुसतं चीज, कारण जेवायला बसला की तो कवळी काढून कपात ठेवायचा. एकाचं दुसऱ्यात जाऊ नये म्हणून बाई मध्ये पिठाची बारीक वळी लावायची, शेतात बांध घालतात तशी.

थंडीत घड्याळजी गेला. एकटाच, बसल्या बसल्या. आम्ही इकडे त्याची वाट बघत होतो आणि मी म्हणत होतो, येईल रे, मरत नाही तो. असो.

पुढच्या शनिवारी शिंप्यानं फोन केला आणि सवयीनं तीन भाग सांगितले. इथवर ठीक होतं. पण त्या येड्यानं तिसरा भाग ताटलीत काढला, घड्याळजीच्या खुर्चीपुढे ठेवला आणि म्हणाला, "ये रे, गार होईल."

"मेलेल्याला जेवायला बोलावतोस?" मी म्हटलं.

"असू दे. एकट्याला जेवण जायचं नाही त्याला."

त्यानंतर आम्ही दोनच भाग सांगायचो. यायचे तीन.

मी बाईला फोनवर झापलं. ती शपथेवर सांगायची, "काका, मी स्वतः दोनच केले." तिचा नवरा स्कूटरवरून खोकं आणून द्यायचा, तोही तेच म्हणायचा. मी म्हटलं, दोघंही भट्टीच्या धुरानं बधिर झालीत.

मग वास यायला लागला. खोकं उघडलं की चीजच्या वासाखालून हळूच घड्याळाच्या तेलाचा वास. आणि आम्ही दोघं खात असताना तिसरा आवाज. मऊ, ओला, हळू. बिनदातांचं तोंड चावतं तसा. मी खाणं थांबवलं, शिंप्यानंही थांबवलं, तरी तो आवाज चालूच...

चौथ्या शनिवारी शिंपी आपला भाग सोडून तो तिसरा भाग खायला लागला.

त्या महिन्याभरात त्यानं स्वतःची पँट दोनदा कमरेत आवळून शिवली. डॉक्टरला काही सापडलं नाही. जिन्यात दर पायरीला थांबायचा. एके दिवशी मी दम दिला तेव्हा खाली बघत म्हणाला, "तो बोलावतोय रे... म्हणतो, तिकडे एकट्याला बसवत नाही."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? आधी मीच बोलावलं ना..."

"बघतो कसा नेतो," मी म्हटलं.

पाचव्या शनिवारी मी फोन केलाच नाही. सरळ दुकानात जाऊन भट्टीसमोर उभा राहिलो. बाईनं पीठ थापलं, अर्ध्यावर कांदा न घालता भाजी, अर्ध्यावर माझी मिरची, मध्ये एकच आडवी वळी. भट्टीत जाताना बघितलं, बाहेर येताना बघितलं. खोकं माझ्यासमोर बंद केलं आणि मीच हातात घेतलं.

"काका, एवढा अविश्वास?" बाई म्हणाली.

"तुझ्यावर नाही गं."

पहिल्या मजल्यापर्यंत खोकं हाताला चटके देत होतं. दुसऱ्यावर कोमट झालं. तिसऱ्यावर जड झालं. किती जड म्हणाल, तर पाण्यानं भरलेला पाईप उचलावा तसं. चौथ्यावर पोचलो तेव्हा ते गार पडलं होतं. पण सोडलं नाही.

शिंपी आत वाट बघत होता. झाकण उघडलं. मधोमधून तीन वळ्या निघालेल्या. तिसऱ्या भागावर नुसतं चीज, आणि तेवढ्या भागातूनच वाफ येत होती.

शिंप्याचा हात तिकडे गेला. मी त्यावर फटका मारला.

"तुझ्यापुढचं खा. कांदा नाही त्यात."

मग मी उठलो आणि घड्याळजीच्या खुर्चीत जाऊन बसलो. महिनाभर रिकामी होती ती. बसायची जागा गरम लागली. उठावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बसलो. तिसरा भाग पुढ्यात ओढला आणि म्हणालो, "हे बघ, याला सोड. याच्याकडून चूक झाली, तो साधा माणूस आहे. तुला सोबतच पाहिजे ना? मी बसलोय. माझ्याशी बोल."

आणि तो सगळा भाग मी खाल्ला. तोंडात तेलाची चव आली, तरी खाल्ला. चावण्याचा आवाज आता माझ्याच तोंडातून येत होता... शिंपी माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं आपला भाग घेतला आणि हळूहळू संपवला.

दुसऱ्या दिवसापासून तो सुधारला. आठवडा संपायच्या आत पँट पुन्हा उसवून सैल केली.

काल संध्याकाळी दूध आणायला उतरलो तर बाईनं दुकानातून हाक मारली. "काका, उद्यापासून एकच भाग ना?"

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की, मघाशी फोनवर. तुमचा आवाज मी ओळखत नाही का? शिव्यासुद्धा तुमच्याच होत्या."

"एक भाग... कोणाचा?"

"तेच मी विचारलं. म्हणालात, नाव उद्या सांगतो."

"शिंप्याचा लिही. आत्ताच लिही."

बाईनं पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं. "पण तुम्हीच बजावलंत ना, त्याआधी मी येऊन काही बोललो तर ऐकू नकोस. फोनवर सांगीन तेच खरं."

आज शनिवार. खालून शिंप्याच्या मशीनचा आवाज येतोय, चांगला जोरात. मी दुपारपासून फोनला धरून बसलोय. फोन घड्याळजीच्या आधी मीच करणार आणि नाव शिंप्याचंच सांगणार, मागे तो उरायला हवा. माझं काय व्हायचं ते होऊ दे.

दुकान पाचला उघडतं. आत्ता साडेतीन झालेत. आणि गेला तासभर त्यांचा फोन एंगेज लागतोय.